बाजूला उभ्या असलेल्या मुलाची गोष्ट

लेखक : शाळेत मुलाला चिडवतात, डबा खाताना कुणी शेजारी बसू देत नाही, असं कळलं की पुस्तकांवर विश्वास असलेली घरं पुस्तक शोधू लागतात. त्यांच्या हाती जे लागतं ते बहुतेक एकाच साच्यातलं असतं. एक मूल वेगळं असतं, त्याची टिंगल होते, मग त्याच्यात दडलेला एखादा गुण उजेडात येतो आणि कालपर्यंत हसणारे आज टाळ्या वाजवतात. हान्स क्रिश्चन अँडरसनची बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ मध्ये आली. मराठी घरांत ती गदिमांच्या शब्दांतून आणि आशा भोसले यांच्या आवाजातून पोचली. १९३९ साली अमेरिकेत रॉबर्ट मे या नोकरदार लेखकाने माँटगोमेरी वॉर्ड या दुकानासाठी, नाताळात गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला, लाल नाकाच्या रूडॉल्फची गोष्ट लिहिली. इतर रेनडिअर त्याला खेळायला घेत नाहीत. धुक्याच्या रात्री त्याच्या नाकाचा उजेड सांताक्लॉजच्या कामी येतो, तेव्हा कुठे तो सगळ्यांचा लाडका होतो. आर. जे. पलासिओ यांच्या २०१२ च्या ‘वंडर’मध्ये जन्मजात वेगळा चेहरा असलेला ऑगी वर्षाअखेर शाळेचं पदक घेतो आणि सारं सभागृह उठून उभं राहतं. या गोष्टी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण चिडवाचिडवीचा प्रश्न घेऊन आपण त्यांच्याकडे जातो, तेव्हा त्या चुकीच्या मुलाशी बोलत असतात. जे मूल स्वतः चिडवत नाही, ज्याला कुणी चिडवतही नाही, जे नुसतं बाजूला उभं राहून बघतं, त्याची गोष्ट आधी हवी. कुठल्याही वर्गात जास्त संख्या त्याचीच असते.

आक्षेपक : म्हणजे गोष्टीला तुम्ही आता काम नेमून देणार! मराठी बालसाहित्याला हा रोग जुनाच आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, आणि तेव्हापासून आमच्या पोरांना गोष्टीबरोबर तात्पर्यही गिळावं लागलं. ते ओझं उतरवायला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धावावा लागला, विंदांच्या बालकवितांना धुडगूस घालावा लागला. आता कुठे मुलं मोकळेपणी वाचू लागली, तर तुम्ही समाजशास्त्राचं बाड घेऊन दारात उभे. कुरूप पिल्लू पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकलं ते कुणाला सुधारायचं म्हणून नव्हे. एकट्या पडलेल्या पोराला ते आपलं वाटतं म्हणून टिकलं. साहित्याने एवढं केलं तर पुरे की नाही?

लेखक : तात्पर्याच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे, आणि तुमच्या बाजूने पुरावाही देतो. मेरी-लुईझ मारेस आणि एमिली अकोस्टा या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी क्लिफर्ड नावाच्या मोठ्या लाल कुत्र्याच्या कार्टून मालिकेतला एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे आधी बिचकतात, मग त्याच्याशी दोस्ती करतात. मोठ्यांना धडा उघड दिसतो : वेगळ्या शरीराच्या माणसांना घाबरू नका. मुलांना त्यातून काय कळलं? तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं, एवढंच. माणसांचा संबंध बहुतेकांना लागलाच नाही. टोरांटोतल्या दुसऱ्या एका प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन तऱ्हांनी वाचून दाखवली. एकीत पात्रं रॅकूनसारखे प्राणी, दुसरीत माणसांची मुलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपल्याजवळचे स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्याला हे जरा झोंबेल. प्राण्यांच्या गोष्टी सांगू नयेत असा याचा अर्थ नाही, त्या गंमत म्हणून खुशाल सांगाव्यात. पण बेडकाला सशाने माफ केलं म्हणून वर्गातली मुलं शेजारच्या बाकावरच्या मुलीला माफ करतील, हा हिशेब कच्चा आहे.

आणि तात्पर्य फक्त शेवटच्या ओळीत छापलेलं असतं असंही नाही. कुरूप पिल्लाच्या गोष्टीत ते रचनेतच आहे. पिल्लाचा छळ थांबतो तो ते मुळात राजहंस होतं म्हणून. ज्या बदकांनी त्याला चोची मारल्या त्यांना गोष्ट काहीच शिकवत नाही, ती मागे त्याच अंगणात राहतात. उद्या तिथे खरोखरच कुरूप असलेलं बदकाचं पिल्लू निघालं तर त्याचं काय होईल, हा प्रश्न गोष्ट विचारत नाही. आपल्याकडे हीच अडचण कर्णाच्या बाबतीत होते. रंगभूमीवर सूतपुत्र म्हणून त्याची हेटाळणी होते तेव्हा आपण कळवळतो, कारण तो कुंतीचा मुलगा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ पासून मराठी वाचकांच्या पिढ्या या कळवळ्यावर पोसल्या. पण अधिरथाचा सख्खा मुलगा त्या रंगभूमीवर उतरला असता, तर त्याच्यासाठी आपण रडलो असतो का? जन्माने माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात ‘तो खरा वरच्या कुळातलाच होता’ असा शेवट असलेली गोष्ट मुलांना सांत्वन म्हणून देताना हात जरा अडखळायला हवा.

आक्षेपक : अधिरथाच्या मुलाचं मान्य. पण तुम्ही जे आणू पाहता ते काय आहे? बघ्याची गोष्ट! बघ्याच्या आयुष्यात घडतं काय? गोष्टीला कुणीतरी भोगणारा लागतो, कुणीतरी लढणारा लागतो. कडेला उभं राहणारं पोर नायक झालं तर तासाभराच्या पुस्तकात जांभया येतील.

लेखक : घडतं ते त्याच्याच बाबतीत. दादागिरी ही दोन मुलांतली मारामारी असते असं आपण धरून चालतो. फिनलंडमधल्या ख्रिस्टीना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शाळकरी मुलांना विचारून विचारून एक वेगळं चित्र मांडलं. चिडवणारा आणि चिडवला जाणारा यांच्याभोवती आणखी मुलं असतात : हाताखाली काम करणारी, हसून चेव आणणारी, लांब राहणारी, आणि एखाद-दुसरं बाजू घेणारं. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर तर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर बारीक माइक लावून हे टिपलं गेलं. २००१ साली हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी जो हिशेब मांडला त्यात दादागिरीच्या १०० पैकी ८८ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ प्रसंगांत. आणि मध्ये पडण्याच्या ५७ टक्के प्रयत्नांत प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. १० सेकंद! समुपदेशक, सभा, परिपत्रकं यांतलं काहीही एवढ्या वेळात होत नाही. म्हणजे चिडवणाऱ्याचं मन कुणी बदललं नाही, चिडवल्या गेलेल्याचा दडलेला गुण कुणी शोधून काढला नाही, तरीही ते थांबू शकतं. तिसऱ्याने तोंड उघडलं तर. गोष्ट शोधायची असेल तर ती त्या न उघडलेल्या तोंडात आहे.

ही गोष्ट लिहिली गेलेलीही आहे. एलिनॉर एस्टिस यांचं ‘द हंड्रेड ड्रेसेस’ १९४४ साली, ऐन महायुद्धात, अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी न्यूबेरी सन्मानाच्या यादीत आलं. वांडा पेट्रॉन्स्की ही गरीब पोलिश घरातली मुलगी रोज एकच विटका निळा फ्रॉक घालून शाळेत येते आणि घरी माझ्याकडे शंभर फ्रॉक आहेत असं सांगते. पेगी ही वर्गातली लाडकी मुलगी तिला रोज तेच विचारते, सभ्य आवाजात, मैत्रिणींच्या घोळक्यात. पेगी दुष्ट नाही, आपण कुणाला छळतो आहोत हे तिच्या गावीही नाही. पण पुस्तक ना वांडाचं आहे ना पेगीचं. ते मॅडीचं आहे. मॅडी पेगीची मैत्रीण, तीही गरीब, पेगीचे जुने कपडे दुरुस्त करून घालणारी. तिला हा खेळ आवडत नाही. ‘हे बंद कर’ अशी चिठ्ठी ती पेगीला लिहायला घेते आणि फाडून टाकते, कारण वांडाला सोडल्यावर पुढचा नंबर आपला लागेल ही भीती तिला आहे. जांभया येतील म्हणालात ना? त्या फाडलेल्या चिठ्ठीत जेवढा ताण आहे तेवढा राजहंसाच्या पंखांत नाही. पुढे चित्रस्पर्धेत कळतं की शंभर फ्रॉक म्हणजे वांडाने काढलेली शंभर चित्रं. पण टाळ्या घ्यायला ती वर्गात नसते. वडिलांची चिठ्ठी येते : आडनावाला हसणारं कुणी नाही अशा मोठ्या शहरात आम्ही निघून गेलो. मुली तिच्या घरी धावतात, घर रिकामं असतं. झालेलं भरून काढायची सोय लेखिकेने ठेवलेली नाही, हेच या पुस्तकाचं थोरपण. मॅडीच्या हाती उरतो तो पुढच्या वेळी गप्प न राहण्याचा निश्चय.

एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ही गोष्ट कित्येक वर्षं दोन पाठांत होती. अमेरिकेत आठ-दहा वर्षांची मुलं जे वाचतात ते आपण चिडवाचिडवीचं वय सरत आल्यावर, बोर्डाच्या परीक्षेतल्या गुणांसाठी वाचायला दिलं!

आक्षेपक : याच पुस्तकावर माझा खरा आक्षेप आहे. तुमची ती वांडा बोलते किती? जवळजवळ नाहीच. ती वर्गाच्या कोपऱ्यात बसते, मग गावातून जाते, आणि शेवटी आपली चित्रं भेट म्हणून देऊन टाकते. जिने सोसलं ती मुकी, आणि जिने बघितलं तिच्या सदसद्विवेकाची सविस्तर कहाणी. महाराष्ट्रात बसून तुम्ही हे मागावं? दया पवारांचं ‘बलुतं’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ इथलेच ना? शतकानुशतकं ज्यांच्याविषयी इतर लोक बोलले, त्यांनी स्वतः बोलायला सुरुवात केली तेव्हा मराठी साहित्य हादरलं. आता तुम्ही म्हणणार, नको, गोष्ट बाकावरच्या सवर्ण पोराच्या नजरेतून सांगा, त्याला वाईट वाटलं ते सांगा.

लेखक : आतापर्यंतचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्यातला निम्मा मी मान्य करतो. वांडाचं मुकेपण हा त्या पुस्तकाचा दोष आहे, आणि तिने दिलेली माफी स्वस्तही आहे. एस्टिस यांनी मॅडीला मोकळीक दिली नाही, पण वाचकाला थोडी दिली. सोसणाऱ्याच्या तोंडची गोष्ट तर हवीच. प्रश्न असा की ती मराठीत मुलांच्या कपाटात आहे का? तुम्ही घेतलेली तिन्ही नावं मोठ्यांच्या कपाटातली आहेत. शाळेतल्या अपमानाचं मराठीतलं सर्वांत खरं लेखन आत्मकथनांत आहे, आणि ते ज्या वयात कामी यावं त्या वयाच्या मुलांपर्यंत फार तर पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या उताऱ्यातून पोचतं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याची शाळा सांगितली आहे : बसायला स्वतःचं गोणपाट, तेही रोज घरी न्यायचं, नळाला हात लावायचा नाही, शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये २०११ साली ते चित्रांतून मुलांच्याही आवाक्यात आणलं. अशी पुस्तकं पाच-पन्नास हवीत, आणि ती ज्यांची त्यांनी लिहिलेली हवीत.

पण साताऱ्याच्या त्या वर्गाकडे नीट बघा, म्हणजे माझा उरलेला निम्मा मुद्दा दिसेल. तिथे कुणी पेगी नाही. कुणी दात काढून हसत नाही, कुणी नाव ठेवत नाही. कुणाला तशी गरजच पडत नाही, कारण गोणपाट आणि पाण्याची व्यवस्था ते काम परस्पर करते. ‘खोडकर पोरगा विरुद्ध बिचारा पोरगा’ या चौकटीत हा वर्ग मावत नाही. नळावर जाऊन पाणी पिणारी बाकीची मुलं मात्र तिथे रोज आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला त्या नळाशी काय वाटलं असेल, हे मराठी बालसाहित्याने क्वचितच विचारलं आहे. ते विचारणं म्हणजे सवर्ण मुलाला रडायला जागा देणं नव्हे. रडून मोकळं होण्याची सोय काढून घेणं हेच त्या गोष्टीचं काम. ती वाईट लिहिली गेली तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू, चांगली लिहिली गेली तर नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये हे दार एकदा किलकिलं झालं होतं. मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार बाईला हात देण्याचा प्रसंग आठवा. तो सांगितला आहे तो लोक काय म्हणतील या भीतीच्या बाजूने, बघणाऱ्याच्या बाजूने. नव्वद वर्षांत ते दार आणखी उघडायला हवं होतं.

आक्षेपक : व्यवस्था म्हणालात, आता अडकलात. व्यवस्थाच दोषी असेल तर दहा वर्षांच्या मॅडीने तोंड उघडून काय होणार? पोरांच्या खांद्यावर मोठ्यांचं ओझं कशाला?

लेखक : म्हणून दुसरं पुस्तक लागतं, आणि ते सुदैवाने मराठीत आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ जपानमध्ये १९८१ साली आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने छापला आणि तो शिक्षकांच्या हातांतून भरपूर फिरला. आपण ते लाडिक आठवणींचं पुस्तक म्हणून वाचतो, आगगाडीच्या डब्यातली शाळा तेवढी लक्षात ठेवतो. पण तोमोए शाळेचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी काय करतात ते बघा. ताकाहाशी या मुलाची उंची वाढणार नाही, हातपाय आखूड राहणार, हे त्यांना ठाऊक आहे. ते वर्गाला ‘त्याच्याशी चांगलं वागा’ असं सांगत बसत नाहीत. ते क्रीडादिनाचे खेळच असे बसवतात की आखूड पाय आणि बुटकं शरीर कामी यावं, आणि ताकाहाशी एकामागून एक शर्यती जिंकतो. रूडॉल्फमध्येही वेगळेपणच कामी येतं ना, असं तुम्ही म्हणाल. फरक एवढाच, की तिथे धुकं योगायोगाने पडलं. इथे मोठ्या माणसाने मैदान मुद्दाम बदललं आणि त्याचा गाजावाजा केला नाही. त्याच पुस्तकात एक शिक्षिका माणसाच्या शेपटीच्या हाडाबद्दल शिकवताना ताकाहाशीला थट्टेने विचारतात, तुला शेपटी तर नाही ना? त्यांच्या मनात काही वाईट नसतं. कोबायाशी नंतर त्यांना एकटीला, मुलांच्या माघारी, कडक शब्दांत जाब विचारतात, आणि तोत्तोचानच्या कानावर ते चुकून पडतं. टिंगल शिक्षकाच्या तोंडूनही होते आणि तिची जबाबदारी शाळेची असते, हे सांगणारी मुलांची पुस्तकं किती सापडतात?

आक्षेपक : कोबायाशी लाखात एक. त्यांची शाळाही १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. आणि एवढं सगळं वाचून पोरं बदलतात याला आधार काय?

लेखक : आधार थोडा आहे, आणि तो फुगवून सांगू नये. इंग्लंडमध्ये लिंडसे कॅमरन आणि ॲडम रटलंड यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांना सहा आठवडे अपंग आणि इतर मुलांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि नंतर त्यांवर बोलतं केलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांची अपंग मुलांबद्दलची मतं सुधारलेली दिसली. सर्वांत जास्त सुधारली ती कुठल्या तऱ्हेच्या गोष्टींनी? ज्यांत त्या मुलाचं अपंगत्व झाकलेलं नव्हतं आणि ते मूल त्याच्यासारख्या इतर अनेकांतलंच एक म्हणून उभं होतं, अशा गोष्टींनी. असामान्य अपवाद म्हणून नव्हे. ऑगीच्या पदकाविषयी चेहऱ्याचं वेगळेपण असलेल्या काही वाचकांनी हीच तक्रार केली आहे : साधं, सामान्य मूल म्हणून आम्हाला जागा का नाही? इटलीत लोरिस वेझाली आणि सहकाऱ्यांनी पाचवीच्या मुलांबरोबर हॅरी पॉटरमधले भेदभावाचे उतारे वाचले आणि त्यांवर चर्चा केली. जी मुलं हॅरीशी एकरूप झाली त्यांची स्थलांतरितांबद्दलची मतं निवळली. त्या उताऱ्यांत कुळावरून अपमान होतो तो हर्माइनीचा, हॅरी तिच्या बाजूचा आहे. दोन्ही अभ्यास लहान आहेत. मतं बदलणं म्हणजे मैदानावरचं वागणं बदलणं नव्हे, हेही खरं. पण दोन्हीकडे पुस्तक एकट्या मुलाला वाचायला देऊन सोडून दिलेलं नव्हतं. ते मोठ्याने वाचलं गेलं, सगळ्यांनी मिळून ऐकलं, आणि नंतर बोलणं झालं.

आक्षेपक : म्हणजे शेवटी पुन्हा गोष्टीखाली स्वाध्याय!

लेखक : नाही. स्वाध्यायात उत्तर आधीच ठरलेलं असतं. ‘मॅडीने चिठ्ठी का फाडली?’ या प्रश्नाला ‘ती भित्री होती’ असं उत्तर फळ्यावर लिहिलं की पुस्तक मेलं. ‘तुम्ही असता तर पाठवली असती का?’ हा प्रश्न मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात गुणांसाठी विचारता येत नाही, म्हणून तोच वर्गात विचारावा, आणि ‘नसती पाठवली’ असं कुणी म्हटलं तर त्याला रागावू नये. आणखी एक. चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या हातात कृपा करून असलं पुस्तक एकट्याला देऊ नका. बिघाड तुझ्यात आहे आणि हे घे औषध, एवढाच निरोप त्यातून पोचतो. त्याला हवं ते वाचू द्या, फास्टर फेणे, भुतं, क्रिकेट, काहीही. ‘द हंड्रेड ड्रेसेस’ आणि ‘तोत्तोचान’ उरलेल्या चाळीस जणांसाठी वर्गात मोठ्याने वाचा, तिसरी-चौथीपासूनच. आणि शेपटीचा प्रसंग आधी शिक्षकांच्या खोलीत वाचा.